एमएसच्या रुग्णाच्या चिठ्ठीवर व्यायाम कसा लिहावा?

गेल्या दोन महिन्यांत मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे रुग्ण आणि डॉक्टर ज्याला ‘एमएस’ म्हणतात, त्या आजाराविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतात: या रुग्णांनी व्यायाम करावा का, आणि करावा तर तो त्यांच्याकडून कोणी व कसा करवून घ्यावा. पहिले पत्र एका डॉक्टरांचेच आहे. त्याला सविस्तर उत्तर देतो आणि बाकीची तीन त्याच्या पाठोपाठ घेतो.

ज्या वाचकांना हा आजार परिचित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे, तर मेंदू आणि मज्जारज्जू यांतील तंतूंवर मायलिन नावाचे वेष्टन असते आणि एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच त्या वेष्टनावर उलटते. वेष्टन जिथे जाते तिथे चट्टे पडतात, तंतूंतून जाणारे संदेश मंदावतात किंवा अडतात, आणि चट्टा कुठे पडला आहे त्यानुसार कोणाचा पाय जड होतो, कोणाची दृष्टी अंधूक होते, कोणाचा तोल जातो, तर कोणाला लघवी आवरत नाही. अशी लक्षणे एकाएकी उफाळतात, त्याला ‘अटॅक’ म्हणतात. पॅरिसचे मेंदूविकारतज्ज्ञ शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचे पहिले सुस्पष्ट वर्णन केले. तो बहुधा २० ते ४० या वयात सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत दुपटी-तिपटीने आढळतो. थकवा मात्र बहुतेक सर्वांच्या वाट्याला येतो, आणि ज्याने तो अनुभवला नाही त्याला तो समजावून सांगणे फार कठीण असते.

प्रश्न १. मी सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी गेली बावीस वर्षे फॅमिली डॉक्टर म्हणून काम करतो. शाळकरी वयापासून माझ्याकडे येणाऱ्या एका शिक्षिकेला, वय ३४, दोन वर्षांपूर्वी एमएसचे निदान झाले. पुण्याच्या न्यूरोलॉजिस्टकडे उपचार चालू आहेत आणि वर्षभरात नवा अटॅक आलेला नाही. तिला चालता येते, पण दुपारनंतर उजवा पाय ओढला जातो. निदान झाल्यापासून तिने शाळेपर्यंत चालत जाणे सोडले आहे, सासूबाई घरात काही करू देत नाहीत, आणि वजन नऊ किलोंनी वाढले आहे. मी दर खेपेस ‘थोडा व्यायाम करत जा’ असे सांगतो, ती ‘हो डॉक्टर’ म्हणते आणि पुढच्या खेपेपर्यंत काहीही झालेले नसते. न्यूरोलॉजिस्टच्या कागदावर व्यायामाविषयी एक अक्षर नाही. फार जोर द्यावा तर अटॅक येईल, अशी मलाही मनातून धास्ती वाटते. मी काय करावे?

उत्तर. आपण शेवटी जी धास्ती मोकळेपणाने कबूल केली आहे, ती आधी दूर झाली पाहिजे, कारण डॉक्टरांच्या मनातली भीती शब्दांत आली नाही तरी रुग्णाला आवाजातून कळते. ‘थोडा व्यायाम करत जा’ या वाक्यातला ‘थोडा’ आपल्या काळजीतून आलेला आहे, पण आपल्या शिक्षिकेने त्याचा अर्थ ‘नाही केला तरी चालेल, उलट बरेच’ असा घेतला असावा.

ही धास्ती आपल्या एकट्याची नाही. विल्हेल्म ऊटहोफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी १८९० मध्ये एमएसच्या काही रुग्णांची दृष्टी श्रमानंतर काही वेळ मंदावते असे नोंदवले आणि त्याचा संबंध श्रमाशी जोडला. त्यामागे अंगातली वाढलेली उष्णता असते हे पुढे कळले, परंतु ‘श्रम म्हणजे धोका’ हे समीकरण वैद्यकाच्या मनात पक्के बसले ते बसलेच. विसाव्या शतकाच्या मध्यावर तर रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणे उमटतात का हे पाहणे, ही निदानाची एक रीतच होती. अशा वातावरणात शिकलेल्या डॉक्टरांनी पिढ्यान्‌पिढ्या ‘शक्ती राखून ठेवा, दमू नका’ असाच सल्ला दिला. मीही सुरुवातीची काही वर्षे तोच दिला, आणि ज्या रुग्णांनी तो मनोभावे पाळला त्यांचे पाय आजाराने जितके गेले त्याहून अधिक न वापरल्यामुळे गेले असावेत, ही खंत मला आजही आहे.

या समजुतीला खरा धक्का १९९६ मध्ये बसला. अमेरिकेतील युटा विद्यापीठात ५४ रुग्णांचे दोन गट करण्यात आले आणि एका गटाकडून १५ आठवडे, आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी ४० मिनिटे हातापायांनी चालवायच्या सायकलवर व्यायाम करवून घेण्यात आला. त्या गटाची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता २२ टक्क्यांनी वाढली, हातापायांची ताकद वाढली, मनःस्थिती काही काळ सुधारली, आणि आजार बळावला नाही. त्यानंतर अशा चाचण्यांची संख्या इतकी वाढली की २०१४ मध्ये २६ चाचण्यांचा केवळ सुरक्षिततेच्या अंगाने एकत्रित आढावा घेता आला. त्यात व्यायाम करणाऱ्यांपैकी ४.६ टक्के रुग्णांना अटॅक आला, तर न करणाऱ्यांपैकी ६.३ टक्क्यांना. यावरून व्यायामाने अटॅक टळतात असा निष्कर्ष काढू नये, परंतु व्यायामाने ते ओढवत नाहीत एवढे नक्की म्हणता येते. पडणे, स्नायू दुखावणे अशा किरकोळ तक्रारी व्यायामाच्या गटात २ टक्के आणि दुसऱ्या गटात १.२ टक्के होत्या, म्हणजे व्यायाम सुरू करणाऱ्या कोणाही निरोगी माणसाला जेवढा धोका असतो साधारण तेवढ्याच. हे सारे रुग्ण बहुतांशी चालते-फिरते होते हेही सांगायला हवे, आणि आपली शिक्षिका त्यांच्यातच मोडते.

व्यायामाने काय साधत नाही हेही तिला आधीच सांगावे. मेंदूतले चट्टे त्याने भरून निघतात असे सिद्ध झालेले नाही, आणि चालू असलेल्या औषधांची जागा व्यायाम घेऊ शकत नाही. जे साधते ते असे: चालण्याचा वेग आणि पल्ला वाढतो, पायांची ताकद वाढते, तोल सुधारतो, थकवा काही अंशी कमी होतो आणि मनाची उदासी हलकी होते. शिवाय एमएसच्या रुग्णाला रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार होतच नाहीत असे थोडेच आहे! तिचे वाढलेले नऊ किलो एमएसचे नव्हेत, बसून राहण्याचे आहेत, आणि तो भार तिच्या दुबळ्या उजव्या पायालाच वाहावा लागतो.

आता सांगायचे कसे, याकडे येतो. माझा अनुभव असा, की पहिल्या भेटीत सल्ला देऊच नये, आधी विचारावे. दोन प्रश्न पुरतात: आठवड्यातून किती दिवस तुम्ही जरा धाप लागेल असे चालता किंवा काम करता, आणि त्या दिवशी किती मिनिटे? दोन्ही आकड्यांचा गुणाकार रक्तदाबाच्या आकड्याशेजारी केसपेपरवर लिहावा. अमेरिकेतील काही मोठ्या आरोग्यसंस्थांत हे प्रत्येक भेटीत नाडी-रक्तदाबाबरोबर विचारले जाते. डॉक्टर जे मोजतात ते महत्त्वाचे असते असे रुग्ण धरून चालतो, त्यामुळे आकडा शून्य आला तरी तो लिहिल्यानेच अर्धे काम होते.

त्यानंतर तिसरा प्रश्न विचारावा, आणि त्यासाठी आपल्या गर्दीच्या ओपीडीतही पाच मिनिटे काढावीत: आजारामुळे असे काय सुटले, जे परत करावेसे वाटते? एका प्रौढ बाईंना मी वर्षभर चालण्याचे फायदे सांगत होतो आणि त्या मान डोलावत होत्या. एकदा सहज हा प्रश्न विचारला तेव्हा त्या म्हणाल्या, “मुलगी तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. नातवाच्या बारशालाही वर जाता आले नाही.” किती पायऱ्या आहेत असे विचारले, तर त्यांनी क्षणाचाही विचार न करता सांगितले, “चोपन्न.” त्या पायऱ्या त्यांनी मनात किती वेळा मोजल्या असतील हे तेव्हा माझ्या लक्षात आले. त्या दिवसापासून आमचे बोलणे व्यायामाविषयी राहिले नाही, चोपन्न पायऱ्यांविषयी झाले. खुर्चीतून उठबस कशासाठी, पायरीच्या कडेवर पाऊल ठेवून चढ-उतार कशासाठी, हे मला पुन्हा समजावून सांगावे लागले नाही. आपल्या शिक्षिकेच्या बाबतीत ते शाळेपर्यंतचे अंतर असेल, किंवा फळ्यापाशी पूर्ण तास उभे राहणे असेल. ते तिच्याच तोंडून येऊ द्यावे.

मग तिला तपासणीच्या खोलीतच बिनहाताच्या खुर्चीवरून हात छातीशी घडी करून पाच वेळा उठायला-बसायला सांगावे आणि घड्याळ लावावे. नंतर स्वतः उठून तिच्याबरोबर व्हरांड्यात दोन मिनिटे चालावे. यातून दोन गोष्टी साधतात. एक तर आपल्याला मोजता येईल असा आरंभबिंदू मिळतो. दुसरे म्हणजे, डॉक्टरांच्या नजरेसमोर श्रम करूनही काही बिघडले नाही हे तिचे शरीर अनुभवते, आणि हा अनुभव आपल्या दहा वाक्यांपेक्षा जास्त पटतो. चालताना उजव्या पायाचा चवडा जमिनीला घासतो का तेही पाहावे. घासत असेल तर घोट्याला आधार देणारी पट्टी लागेल, आणि त्यासाठी फिजिओथेरपिस्टकडे चिठ्ठी द्यावी. तोल वारंवार जाणे, गेल्या काही महिन्यांत एकदाही पडणे, पायांत ताठरपणा असणे, यांपैकी काही असल्यास सुरुवातच फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्हावी. हृदयाची तक्रार किंवा छातीत दुखण्याचा इतिहास असेल, तर त्याची तपासणी आधी.

आता चिठ्ठी. औषध लिहिताना आपण ‘थोडे बॅक्लोफेन घेत जा’ असे लिहीत नाही. मात्रा, वेळ, किती दिवस, सगळे लिहितो. व्यायामही तसाच, त्याच कागदावर, औषधांच्या वर लिहावा. या शिक्षिकेसाठी मी साधारण असे लिहीन: ‘सोमवार, बुधवार, शनिवार: सकाळी ७ वाजता, घरापासून देवळापर्यंत आणि परत, एकूण १० मिनिटे. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. वाटेत कट्ट्यावर बसावेसे वाटल्यास बसणे. मंगळवार, शुक्रवार: खुर्चीतून उठबस ५ वेळा, दोन मिनिटे विसावा, पुन्हा ५ वेळा, ओट्याला धरून टाचा उचलणे १० वेळा. दोन आठवड्यांनी वहीसह दाखवणे.’ वेग सांगताना नाडीच्या ठोक्यांपेक्षा बोलण्याची ही कसोटी बरी, कारण एमएसमध्ये काही रुग्णांच्या हृदयगतीचे नियंत्रण बिघडलेले असते आणि ठोके श्रमाचे खरे माप देत नाहीत. दर पंधरवड्याला दोन-तीन मिनिटे वाढवावीत. कॅनडातील तज्ज्ञांनी २०१३ मध्ये सौम्य ते मध्यम एमएस असलेल्यांसाठी सांगितलेले किमान प्रमाण आठवड्यातून दोनदा ३० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम आणि दोनदा स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम असे आहे, आणि ते तीन-चार महिन्यांत गाठता येण्यासारखे आहे. २०२० च्या अमेरिकी शिफारशींतील आठवड्याला १५० मिनिटांचा आकडा पहिल्याच दिवशी तिच्यासमोर ठेवू नये. तो ऐकूनच पुष्कळ जण माघार घेतात.

चिठ्ठी हातात देण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा: ‘हे जमेल याची तुला दहापैकी किती खात्री वाटते?’ तिने पाच म्हटले, तर ‘दहा का नाही?’ असे विचारू नये, कारण मग ती न जमण्याची कारणेच सांगत बसेल. ‘दोन का नाही म्हणालीस, पाच का म्हणालीस?’ असे विचारावे. उत्तरात ती स्वतःच्या जमेच्या बाजू सांगू लागते, आणि माणूस दुसऱ्याने पटवलेल्या गोष्टीपेक्षा स्वतः बोलून दाखवलेली गोष्ट जास्त पाळतो. खात्री सातच्या खाली राहिली तर योजना लहान करावी. दहा मिनिटांची सहा करावीत, तीन दिवसांचे दोन. लहान योजना पार पडणे हे मोठी योजना फसण्यापेक्षा कितीतरी चांगले. विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये दारूच्या व्यसनाच्या संदर्भात मांडलेल्या आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासह विकसित केलेल्या संवादपद्धतीतला हा धागा आहे, आणि दीर्घ आजारांच्या रुग्णांशी बोलताना तो विलक्षण उपयोगी पडतो.

सासूबाईंविषयी. त्यांना दोष देऊ नये. सून आजारी असताना तिला काम सांगणारी सासू गावात काय ऐकते हे आपण जाणता. त्यांनी विश्रांतीचा आग्रह धरला तो मायेपोटी, आणि शक्यता अशी आहे की एखाद्या डॉक्टरांनीच तसे सांगितलेले त्यांनी ऐकले असेल. पुढच्या खेपेस त्यांना बरोबर बोलवावे, सुनेने त्यांच्यासमोर खुर्चीतून पाच वेळा उठबस करावी, आणि ‘देवळापर्यंत तुम्ही हिच्यासोबत चला’ असे काम डॉक्टरांच्या तोंडून त्यांच्याकडे सोपवावे. अडवणारा माणूस सोबती झाला की घरातला व्यायाम टिकतो, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

थकव्याचे काय, असे ती नक्की विचारील. थकलेल्या माणसाला ‘व्यायाम कर, थकवा जाईल’ असे सांगणे क्रूर वाटू शकते, म्हणून तिच्या थकव्यावर आधी पूर्ण विश्वास ठेवावा आणि तसे बोलून दाखवावे. दिवसातला ज्या वेळी तिला सर्वांत बरे वाटते तो वेळ, बहुधा सकाळचा, व्यायामासाठी राखावा, आणि त्या बदल्यात दुसरे एखादे काम घरच्यांनी उचलावे. इंटरफेरॉन या एमएसवरील औषधाचे इंजेक्शन चालू असेल तर त्यानंतरच्या कणकणीच्या दिवशी सुट्टी. व्यायामानंतर तासा-दोन तासांत पूर्ववत वाटले तर मात्रा बरोबर आहे; दुसऱ्या दिवशीही अंग गळून गेले असेल तर ती जास्त झाली, आणि ती कमी करावी, बंद करू नये. खरा अटॅक आला, स्टेरॉइडची सलाईन लागली, तर तेवढे दिवस विश्रांती घ्यावी आणि प्रकृती स्थिरावल्यावर मागच्या आकड्याच्या निम्म्यापासून पुन्हा सुरुवात करावी. ‘असे झाले तर काय करायचे’ हे आधीच ठरलेले असले, की अटॅकनंतर व्यायाम कायमचा सुटत नाही.

न्यूरोलॉजिस्टना आपण दोन ओळींचे पत्र द्यावे: ‘रुग्णाला असा-असा व्यायाम सुरू केला आहे, आपली काही हरकत?’ बहुतेक वेळा हरकत नसते, विषय निघालेला नसतो एवढेच. त्यांच्या कागदावर ‘व्यायाम चालू ठेवणे’ हे तीन शब्द आले तर तिच्या घरात त्यांना फार वजन येईल. आणि पंधरा दिवसांनी ती आली की औषधांच्या आधी वही पाहावी. वही कोरी असली तर रागावू नये. काय आडवे आले एवढे विचारावे आणि योजना बदलावी. रुग्ण सल्ला विसरतो त्याहून जास्त वेळा आम्ही डॉक्टर तो दिल्याचे विसरतो, आणि न विचारलेला सल्ला दोन खेपांत मरतो.

प्रश्न २. माझ्या पत्नीला (वय ४१, नागपूर) एमएस आहे. डॉक्टरांनी सांगितल्यावरून तिने चालायला सुरुवात केली, पण वीस मिनिटे झाली की डाव्या डोळ्यापुढे धुके येते आणि पाय शिशासारखे जड होतात. घरी येऊन पंख्याखाली बसले की अर्ध्या-पाऊण तासाने ठीक होते. दुसऱ्या एका डॉक्टरांनी ‘हा अटॅकच आहे, चालणे ताबडतोब बंद’ असे सांगितले. कोणाचे ऐकावे?

उत्तर. तुम्ही वर्णन केले आहे ते वर उल्लेख केलेल्या ऊटहोफ यांनी पाहिले होते तेच असावे. वेष्टन गेलेल्या तंतूतून संदेश कसाबसा जात असतो. अंगाचे तापमान अर्ध्या अंशाने जरी वाढले तरी तो तिथे अडू शकतो, आणि अंग निवले की पुन्हा जाऊ लागतो. यात नवीन इजा होत नाही. खरा अटॅक म्हणजे नवे किंवा पुन्हा उद्भवलेले लक्षण २४ तासांहून अधिक टिकते, आणि त्या वेळी ताप किंवा लघवीच्या जंतुसंसर्गासारखे दुसरे कारण नसते. अर्ध्या-पाऊण तासात निवळणारे धुके या व्याख्येत बसत नाही. तरीही हे लक्षण तुमच्या न्यूरोलॉजिस्टच्या कानावर एकदा घालावे. ते एक दिवस टिकले, किंवा चालताना छातीत दुखले, घेरी आली, तर थांबून लगेच दाखवावे.

चालणे बंद करू नये, उष्णता कमी करावी. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा बाहेर चालण्याचा हट्ट धरण्याचे कारण नाही. कूलरसमोर जागच्या जागी पावले टाकणे किंवा घरातली स्थिर सायकल चालवणे हे तितकेच चांगले. निघण्यापूर्वी गार पाणी पिणे, गार पाण्याने अंघोळ करणे, मानेभोवती ओला पंचा ठेवणे, आणि वीस मिनिटांचे दहा-दहा असे दोन भाग करणे, एवढ्याने बऱ्याच जणांचे धुके येतच नाही. लघवीच्या भीतीने पाणी कमी पिण्याची सवय अनेक स्त्रियांना असते, ती तुमच्या पत्नीला आहे का हे पाहावे, आणि असल्यास ही तक्रार संकोच न करता डॉक्टरांना सांगावी, तिच्यावर औषधे आहेत. पोहण्याचा तलाव जवळ असल्यास गारसर पाणी उत्तम. वाफेची पेटी, गरम पाण्याचे टब आणि पंचकर्मातले स्वेदन मात्र टाळावे. अशा वेळी एकाएकी पायातले बळ जाऊन पडण्याचा धोका असतो.

डॉक्टर वाचकांना इथे एक विनंती करतो. हे लक्षण व्यायामाच्या पहिल्याच चिठ्ठीबरोबर समजावून सांगावे. आधी सांगितलेले धुके रुग्ण पंख्याखाली बसून घालवतो; न सांगितलेल्या धुक्याने तो घाबरतो आणि व्यायाम कायमचा सोडतो.

प्रश्न ३. मी पुण्यात राहते, आठ वर्षांपासून एमएस आहे. जिमचे वातावरण मला मानवत नाही. योगासने केली तर तो ‘खरा’ व्यायाम धरला जाईल का?

उत्तर. अवश्य धरला जाईल. तुमच्या शहराशी नाते सांगणारा एक अभ्यासच यावर झालेला आहे. बी. के. एस. अय्यंगार यांनी पुण्यात घडवलेल्या पद्धतीची योगासने अमेरिकेतील ऑरेगॉन येथे एमएसच्या रुग्णांना सहा महिने शिकवण्यात आली, दुसऱ्या गटाला स्थिर सायकलचा वर्ग देण्यात आला, आणि तिसरा गट प्रतीक्षेत ठेवण्यात आला. या ६९ जणांच्या अभ्यासाचा निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाला: थकवा योगासनांनी आणि सायकलने, दोन्हींनी कमी झाला, स्मरण-एकाग्रतेत मात्र दोन्हींनी फरक पडला नाही. भिंत, खुर्ची, दोर, पट्टा यांचा आधार घेण्याची या पद्धतीतील सोय तोल जाणाऱ्या माणसाला फार उपयोगाची आहे. खोली गार ठेवावी, शिक्षकांना आजार आधी सांगावा, आणि धाप लागेल असे थोडे चालणे आठवड्यातून दोनदा जोडावे, कारण संथ आसनांनी दमसास तेवढा वाढत नाही.

प्रश्न ४. माझे वडील (वय ५८, फोंडा) सहा वर्षांपासून चाकाच्या खुर्चीत आहेत. त्यांचा एमएस हळूहळू वाढत जाणारा आहे. ‘आता यांना व्यायामाचा काय उपयोग,’ असे एक डॉक्टर म्हणाले आणि त्यानंतर बाबांनी हात हलवणेही सोडले आहे. खरेच काही उपयोग नाही का?

उत्तर. तुमच्या वडिलांनी जे ऐकले त्याचे मला मनापासून वाईट वाटते. आजाराची तीव्रता मोजण्यासाठी न्यूरोलॉजिस्ट ० ते १० अशी एक मोजपट्टी वापरतात, ती कुर्ट्झके या डॉक्टरांनी तयार केलेली आहे. वर सांगितलेल्या २०२० च्या शिफारशी या पट्टीवर नवापर्यंत, म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या रुग्णापर्यंत लागू आहेत. काहीच करण्यासारखे उरले नाही अशी पायरी त्यांत नाही.

ब्रिटनमध्ये १४० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील सर्वांचा एमएस वाढत जाणारा होता आणि चालणे जवळजवळ थांबलेले होते. त्यांच्यापैकी निम्म्यांना घरी एक उभे राहण्याची चौकट दिली गेली आणि आठवड्यातून तीन वेळा, अर्धा तास, तिच्या आधाराने उभे राहायला सांगितले गेले. एवढ्याने त्यांच्या हालचालींत मोजता येण्यासारखी सुधारणा झाली. अशी चौकट बसवताना आणि पहिले काही दिवस उभे करताना फिजिओथेरपिस्ट हवेतच, कारण बराच काळ बसलेल्या माणसाचा रक्तदाब एकदम उभे राहिल्यावर उतरू शकतो. तोवर खुर्चीतच बसून रबरी पट्टा ओढणे, पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या खांद्यापर्यंत उचलणे, खोल श्वास, आणि घरच्यांनी पोटऱ्यांचे व मांड्यांचे स्नायू सावकाश ताणून देणे, हे सुरू करता येईल. खुर्चीतून पलंगावर जाताना त्यांच्या हातांनी स्वतःचा निम्मा भार उचलला, तरी तुमच्या आईच्या कमरेवरचा ताण किती कमी होईल याचा विचार करा. दंडात तेवढी ताकद आणणे हे एक चांगले पहिले उद्दिष्ट आहे.

आणखी दोन गोष्टी. मल्टिपल स्क्लेरोसिसचा समावेश २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात आहे, तेव्हा प्रमाणपत्र काढलेले नसेल तर ते काढावे. मुंबईत १९८५ मध्ये स्थापन झालेली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था रुग्णांना एकमेकांशी जोडून देते. आपल्यासारख्याच खुर्चीत बसून पट्टा ओढणारा दुसरा माणूस पाहणे हे बाबांसाठी माझ्या उत्तरापेक्षा जास्त मोलाचे ठरेल.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना ‘उपयोग आहे का’ असे विचारू नका. ‘या आठवड्यात कोणता हात, किती वेळा, किती वजनाने?’ असे विचारा आणि ते कागदावर लिहून मागा. ते लिहून देत नसतील तर फिजिओथेरपिस्टच्या नावाची चिठ्ठी मागा. आजपासून बाबांच्या खुर्चीच्या उजव्या बाजूला पाण्याची ती बाटली भरून ठेवा, सकाळी पाच वेळा आणि संध्याकाळी पाच वेळा.